अमेरिकेची जकात, कंपन्यांचे नजराणे आणि आपला टॉवेल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी न्यू जर्सीत एका कस्टम्स ब्रोकरच्या ऑफिसात काम करते. नेवार्क बंदरात कंटेनर उतरला की त्याचे कागद आमच्यासारख्यांच्या टेबलावरून पुढे जातात. त्यामुळे २०२५ च्या एप्रिलपासून घरून फोन आला की ख्यालीखुशाली दोन मिनिटं आणि टॅरिफ अर्धा तास, असं चाललंय. माहेरचे, सासरचे, मंडळातले, सगळ्यांचे प्रश्न थोड्याफार फरकानं तेच असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते. मतं माझी आहेत आणि ती गुळमुळीत नाहीत. ज्यांना ट्रम्प आवडतात त्यांना काही उत्तरं झोंबतील, ज्यांना डेमोक्रॅट आवडतात त्यांनाही एकदोन झोंबतील.

टॅरिफ म्हणजे नक्की काय?

जकात. मुलुंडच्या किंवा दहिसरच्या नाक्यावर ट्रकांची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना वेगळं समजावायला नको. मुंबईतली जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर गेली. अमेरिकेनं तीच २०२५ मध्ये देशाच्या वेशीवर जोरात बसवली. मालाचं नाव बदलून दाखवणं, ओळखीवर गाडी सुटणं, आज एक परिपत्रक आणि उद्या दुसरं, ही नाक्यावरची सगळी लक्षणं इथेही आहेत. फरक एवढाच की इथला माणूस टाय लावून बसतो.

म्हणजे हे पैसे भारत भरतो ना? ट्रम्प तर तसंच म्हणतात.

नाही. पैसे भरतो तो अमेरिकेतला आयातदार. कागदावर ज्याचं नाव ‘इम्पोर्टर ऑफ रेकॉर्ड’ म्हणून असतं, त्याच्या बँक खात्यातून रक्कम कापली जाते. हे मी रोज डोळ्यांनी बघते, त्यामुळे यावर वाद घालायला मला कंटाळा येतो.

पुढचा प्रश्न खरा आहे : तो आयातदार हे पैसे कुणाच्या माथी मारतो? कधी भारतातल्या निर्यातदाराला म्हणतो, ‘भाव पाड, नाहीतर ऑर्डर बांगलादेशला देतो.’ कधी स्वतः नफा कमी करतो. आणि बरेचदा दुकानातल्या गिऱ्हाइकाकडून वसूल करतो. जानेवारी २०१८ मध्ये बाहेरून येणाऱ्या वॉशिंग मशीनवर जकात बसली. ती मागितली होती व्हर्लपूल या अमेरिकन कंपनीनं. वॉशिंग मशीन सुमारे १२ टक्क्यांनी महागली, आणि मजा बघा, कपडे वाळवायच्या ड्रायरवर एक पैशाची जकात नव्हती तरी तेही महाग झाले, कारण लोक दोन्ही जोडीनं विकत घेतात. देशी कंपन्यांनीही आपले भाव वर नेले. स्पर्धकाला कुंपणाबाहेर ठेवल्यावर त्यांना कोण विचारणार? नंतर अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा निर्माण झालेल्या एकेका नोकरीमागे ग्राहकांच्या खिशातून वर्षाला ८ लाख डॉलरहून जास्त गेले होते. जकातीचं हे एवढं सरळ उदाहरण दुसरं सापडायचं नाही.

लहान आयातदाराचा आणखी एक त्रास बातम्यांत येत नाही. माल सोडवण्यासाठी कस्टम्सकडे बॉण्ड, म्हणजे शुल्क भरण्याची हमी, ठेवावा लागतो. त्याची रक्कम साधारणपणे वर्षभरात भरलेल्या शुल्काच्या १० टक्के आणि किमान ५० हजार डॉलर. शुल्क पाचपट झालं की बॉण्डही फुगतो, आणि बॉण्ड देणारी कंपनी मग तारण मागते. मोठ्या कंपनीचा फायनान्स विभाग एक ईमेल टाकून हे काम करतो. इथल्या एडिसन गावात कांजीवरम आणि पैठण्या विकणाऱ्या बाईंना मात्र घराची कागदपत्रं शोधावी लागतात.

भारतावर ५० टक्के कसे आले? आणि आज दर किती आहे?

आजचा दर इथे लिहीत नाही. लिहीपर्यंत बदलेल.

घडलं ते असं. २ एप्रिल २०२५ ला ट्रम्प यांनी व्हाइट हाउसच्या बागेत तक्ता उभा केला आणि भारतापुढे २६ टक्के लिहिले. हा आकडा आला कुठून? २०२४ मध्ये अमेरिकेनं भारताकडून ८७.४ अब्ज डॉलरचा माल घेतला आणि तिची तूट होती ४५.७ अब्ज. तूट भागिले आयात, आलं ५२ टक्के, त्याचं निम्मं २६. बस. भारत कोणत्या मालावर किती शुल्क लावतो याचा त्या गणितात पत्ताच नव्हता. आपली शुल्कं खरोखरच चढी आहेत, ती तक्रार खोटी नाही. पण हा आकडा त्या तक्रारीतून आलेला नव्हता. त्याच यादीत हर्ड आणि मॅकडोनल्ड ही बेटंही होती, जिथे पेंग्विन राहतात, माणसं नाहीत. त्यांच्यावर १० टक्के.

मग आठवडाभरात स्थगिती आली, वाटाघाटी झाल्या, ७ ऑगस्टपासून २५ टक्के लागू झाले आणि रशियाचं तेल घेता म्हणून २७ ऑगस्टपासून आणखी २५. माल २७ तारखेच्या आधी जहाजावर चढला असेल आणि १७ सप्टेंबरच्या आत क्लिअर झाला तर वाढीव दर माफ, अशी सवलत होती. त्या तीन आठवड्यांत आमच्या ऑफिसात बिल ऑफ लेडिंगवरची (माल जहाजावर चढल्याच्या पावतीवरची) तारीख जेवढी निरखून बघितली गेली, तेवढी मी लग्नाच्या पत्रिकेवरचीही बघितली नव्हती. फेब्रुवारी २०२६ मध्ये दोन्ही सरकारांनी समझोता जाहीर केला, त्यात १८ टक्क्यांची बोली होती.

रशियाचं तेल चीनही घेतो. भारतापेक्षा जास्तच घेतो. मग त्याला तो दंड का नाही?

कारण चीनच्या हातात दुर्मिळ खनिजं आहेत. एप्रिल २०२५ मध्ये चीननं सात खनिजांच्या निर्यातीवर परवाना बसवला. मोटारीपासून लढाऊ विमानापर्यंत सगळ्यांचे चुंबक त्यावर अवलंबून असतात. चीनवरचा दर १४५ टक्क्यांवर गेला होता, तो मे महिन्यात जिनिव्हात ३० वर उतरला आणि ऑक्टोबरच्या अखेरीस दक्षिण कोरियात बुसानला ट्रम्प आणि शी जिनपिंग भेटल्यानंतर आणखी कमी झाला. दंड तत्त्वासाठी होता असं ज्यांना वाटतं त्यांनी या तारखा शेजारी शेजारी ठेवून बघाव्यात. बळी तो कान पिळी, आणि ज्याचा कान पिळता येत नाही त्याच्याशी चर्चा.

२०२५ मध्ये आयफोनला शून्य आणि सोलापूरच्या टॉवेलला पन्नास, हे खरं होतं का?

खरं होतं, आणि माझ्या मते सगळ्या विषयाची मेख इथेच आहे.

११ एप्रिल २०२५ च्या रात्री स्मार्टफोन आणि संगणक नव्या जकातीतून वगळले गेले. शुक्रवार होता, रात्री उशिरा कस्टम्सची सूचना आली. तमिळनाडूत आणि कर्नाटकात जुळवलेला आयफोन ऑगस्टनंतरही या वाढीव शुल्काशिवाय अमेरिकेत येत राहिला. सोलापूरचा टॉवेल, अंधेरीच्या सीप्झमधले हिऱ्यांचे दागिने, आंध्रची कोळंबी यांच्यावर मात्र मूळ शुल्कावर आणखी पन्नास.

आता ६ ऑगस्ट २०२५ हा एकच दिवस बघा. त्या दिवशी ट्रम्प यांनी भारतावरच्या जादा २५ टक्क्यांच्या आदेशावर सही केली. त्याच दिवशी ओव्हल ऑफिसमध्ये अ‍ॅपलचे टिम कुक आले, अमेरिकेत आणखी १०० अब्ज डॉलर गुंतवू म्हणाले, आणि राष्ट्राध्यक्षांना त्यांचं नाव कोरलेली काचेची तबकडी भेट दिली. तबकडीची बैठक २४ कॅरेट सोन्याची. त्याच बैठकीत ट्रम्प यांनी चिपवर १०० टक्के जकात लावणार असं जाहीर केलं आणि लगेच जोडलं की अमेरिकेत कारखाना उभारणाऱ्यांना ती माफ.

आपल्याकडे याला शब्द आहे : नजराणा. पेशवाईच्या दफ्तरांत पानोपानी सापडेल. दरबारात जाताना रिकाम्या हातानं जायचं नाही, आणि बाहेर येताना सनद घेऊन यायचं. कुक यांनी काही बेकायदा केलं असं मी म्हणत नाही. कंपनीच्या भागधारकांचा विचार केला तर त्यांनी चोख काम केलं. माझं म्हणणं व्यवस्थेबद्दल आहे. कर म्हणजे सगळ्यांना सारखा आणि आधी लिहून ठेवलेला. ज्याचा दर तुम्ही कोणत्या दालनापर्यंत पोचता यावर ठरतो, तो कर नव्हे, ती मर्जी. टॉवेलवाल्याला त्या दालनाचा पत्ता माहीत असून उपयोग नाही.

मग सरकार कंपन्यांच्या खिशात आहे असंच ना?

पूर्वी मीही तसंच म्हणायचे. आता उलटही दिसतं.

इंटेल या चिप बनवणाऱ्या कंपनीचं बघा. ७ ऑगस्ट २०२५ ला ट्रम्प यांनी इंटेलचे प्रमुख लिप-बू टॅन यांनी राजीनामा द्यावा असं जाहीर केलं. चार दिवसांनी टॅन भेटायला गेले. २२ ऑगस्टला बातमी आली की सरकारनं इंटेलचा सुमारे १० टक्के हिस्सा घेतला. पैसे बायडेन यांच्या काळात मंजूर झालेल्या अनुदानाचेच होते, फक्त आता त्याबदल्यात शेअर. एनव्हिडिया आणि एएमडी या चिप कंपन्यांचं प्रकरण तर अजब. चीनला ठरावीक चिप विकायला परवानगी हवी ना, मग त्या विक्रीतले १५ टक्के सरकारला द्या, असं ठरलं. ट्रम्प यांनीच सांगितलं की आपण २० मागत होतो. अमेरिकेच्या राज्यघटनेत निर्यातीवर कर लावायला स्पष्ट मनाई आहे. पण कर म्हटलं नाही, ‘सौदा’ म्हटलं, की कोर्टात जाणार कोण? ज्याला जायचा हक्क आहे ती कंपनीच सौद्यात सामील. यू.एस. स्टील जपानच्या निप्पॉन स्टीलला विकताना सरकारनं ‘सोनेरी शेअर’ ठेवला, म्हणजे कारखाना बंद करायचा, मुख्यालय हलवायचं, तर राष्ट्राध्यक्षांची परवानगी लागणार.

हेच एखाद्या डाव्या राष्ट्राध्यक्षानं केलं असतं तर ‘समाजवाद आला’ म्हणून वॉल स्ट्रीटनं छाती पिटली असती. आपण लायसन्स-परमिट राजमध्ये वाढलेली माणसं. दिल्लीच्या उद्योग भवनाच्या पायऱ्या झिजवणारे कारखानदार आपल्या आजोबांच्या पिढीनं पाहिले. त्यामुळे मला यात नवं काही दिसत नाही. नवल एवढंच की हे वॉशिंग्टनमध्ये चाललंय, जिथून आपल्याला १९९१ मध्ये खुल्या बाजाराचे धडे मिळत होते.

पण कंपन्या तरी गप्प का बसतात? त्यांच्याकडे एवढा पैसा आहे.

पैसा आहे म्हणूनच. गमावण्यासारखं ज्याच्याकडे जास्त, तो जास्त भितो.

एप्रिल २०२५ मध्ये बातमी फुटली की अ‍ॅमेझॉन वस्तूच्या किमतीशेजारी जकातीचा वाटा दाखवणार. व्हाइट हाउसनं त्याच सकाळी ते शत्रुत्वाचं कृत्य ठरवलं, ट्रम्प यांनी बेझोस यांना फोन केला आणि दुपारपर्यंत कंपनीनं सांगून टाकलं की असं काही होणार नाही. मला याचं सगळ्यात वाईट वाटलं. गिऱ्हाइकाला बिलात कर वेगळा दाखवणं हा गुन्हा कसा? आपल्या किराणा दुकानाच्या पावतीवरसुद्धा सीजीएसटी आणि एसजीएसटी वेगळे असतात.

मे महिन्यात वॉलमार्ट म्हणालं की भाव वाढवावे लागतील. लगेच वरून फर्मान आलं की भुर्दंड तुम्हीच सोसा.

२० जानेवारी २०२५ च्या शपथविधीचा फोटो आठवा : मस्क, बेझोस, झुकरबर्ग, पिचाई, कुक, सगळे होणाऱ्या मंत्र्यांच्याही पुढच्या रांगेत. अ‍ॅमेझॉन, मेटा, गुगल यांनी सोहळ्याच्या निधीला प्रत्येकी १० लाख डॉलर दिले होते. तेव्हा लोक म्हणाले, बघा, मालक समोर बसलेत. मला तो फोटो बघून गावच्या पाटलाच्या वाड्यात बोलावणं आल्यावर हात बांधून बसलेल्या सावकारांची आठवण झाली. दोघं एकमेकांवाचून जगू शकत नाहीत, आणि दोघांनाही झोप नाही.

निवडणुकीत पैशावर काही बंधन नाही का?

फारसं नाही. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टानं ‘सिटिझन्स युनायटेड’ खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं की कंपन्यांनी आणि संघटनांनी स्वतंत्रपणे केलेल्या प्रचारखर्चावर मर्यादा घालता येणार नाही. २०२४ मध्ये एकट्या इलॉन मस्क यांनी २५ कोटी डॉलरहून जास्त ओतले. मात्र पैशानं सगळं होतं असंही नाही. १ एप्रिल २०२५ ला विस्कॉन्सिन राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या जागेसाठी निवडणूक झाली (हो, इथे न्यायाधीशांनाही लोक मतदान करून निवडतात), मस्क स्वतः डोक्यावर चीजची टोपी घालून फिरले, त्यांच्या गटांनी २ कोटी डॉलरच्या आसपास खर्च केले, आणि त्यांचा उमेदवार सपशेल पडला.

राष्ट्राध्यक्षाला एवढे अधिकार दिले कुणी?

काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं. राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात जकात बसवायचा हक्क काँग्रेसला दिलाय. तिनं तो हप्त्याहप्त्यानं सोडून दिला.

सुरुवात १९३० च्या स्मूट-हॉली कायद्यापासून. प्रत्येक खासदारानं आपापल्या मतदारसंघातल्या मालावर जकात घालून घेतली, यादी वाढत वाढत हजारो वस्तूंची झाली. हजाराहून जास्त अर्थतज्ज्ञांनी राष्ट्राध्यक्ष हूवर यांना पत्र लिहिलं की सही करू नका. त्यांनी १७ जूनला केली. बाकीच्या देशांनी उलट जकाती लावल्या, व्यापार आटला, मंदी आणखी खोल गेली. तोंड पोळल्यावर काँग्रेसनं १९३४ मध्ये करार करायचं काम राष्ट्राध्यक्षांवर सोपवलं. मग १९६२ च्या कायद्यातलं कलम २३२, राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली. पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम त्यातच येतात. १९७४ च्या कायद्यातलं कलम ३०१, दुसऱ्या देशाच्या अन्यायी व्यापाराला उत्तर म्हणून, आणि कलम १२२, थोड्या दिवसांच्या जकातीसाठी. आणि १९७७ चा आणीबाणीतल्या आर्थिक अधिकारांचा कायदा, ज्यात आयातीचं ‘नियमन’ करता येईल असं आहे, पण टॅरिफ हा शब्दच नाही. भारतावरची, चीनवरची, पेंग्विनवरची जकात या शेवटच्या कायद्याखाली होती.

कोर्टात गेलं कोण? इलिनॉयमधली शैक्षणिक खेळणी बनवणारी एक कंपनी, न्यूयॉर्कमधला वाइनचा एक आयातदार, असे लहान लोक आणि डझनभर राज्यं. ज्यांच्याकडे वकिलांचे मजलेच्या मजले आहेत त्या कंपन्या महिनोन् महिने खिडकीतून मजा बघत होत्या. कॉस्टको ही साखळी दुकानांची कंपनी उतरली ती नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस, सुप्रीम कोर्टात युक्तिवाद होऊन गेल्यावर, वारं कुठल्या दिशेला आहे ते कळल्यावर. २० फेब्रुवारी २०२६ ला सुप्रीम कोर्टानं ६ विरुद्ध ३ असा निकाल दिला की या कायद्याखाली जकात लावता येत नाही. ट्रम्प यांनी त्यावर कलम १२२ काढलं, ज्यात १५० दिवसांची मुदत आहे. एक कुलूप लागलं की दुसरी किल्ली.

जकात बेकायदा होती तर पैसे परत मिळणार का?

परतावा मागायचा हक्क इम्पोर्टर ऑफ रेकॉर्डचा. ज्यानं दुकानात टॉवेल महाग घेतला त्याचा नाही, आणि ज्यानं सोलापुरात तो स्वस्त विकला त्याचा तर नाहीच. म्हणजे मोठ्या साखळी दुकानानं गिऱ्हाइकाकडून भाव वाढवून वसूल केलं असेल, तर तेच पैसे त्याला दुसऱ्यांदा मिळू शकतात. हे लिहिताना मला माझ्याच धंद्याची थोडी लाज वाटते, कारण परताव्याची कामं आमच्याच ऑफिसात येतात.

डेमोक्रॅट असते तर हे झालं नसतं ना?

एवढं झालं नसतं. पण बायडेन यांनी ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतली चीनवरची जकात काढली नाही, उलट मे २०२४ मध्ये चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवर १०० टक्के करायची जाहीर केली. कंपन्यांच्या मक्तेदारीविरुद्ध त्यांनी नेमलेल्या लीना खान यांनी काम चांगलं केलं, आणि त्यांना काढा असं जाहीरपणे म्हणणाऱ्यांत डेमोक्रॅट पक्षाचेच अब्जाधीश देणगीदार होते. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातल्या खुल्या व्यापाराचा १९९४ चा नाफ्टा करार अमलात आला क्लिंटन यांच्या काळात, आणि २००० मध्ये चीनला व्यापारात इतर देशांसारखाच कमी जकातीचा कायमचा दर्जाही त्यांनीच दिला.

जकात एकदा बसली की कुणीच उठवत नाही. युरोपनं अमेरिकन कोंबड्यांवर कर लावला म्हणून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी १९६४ मध्ये बाहेरच्या छोट्या ट्रकवर २५ टक्के लावले. कोंबड्यांचं भांडण विसरलं गेलं, ते २५ टक्के आजही आहेत. फोर्डनं त्यावर काय शक्कल लढवली? तुर्कस्तानात बनलेल्या मालवाहू व्हॅनमध्ये मागच्या सीट बसवून त्या प्रवासी गाड्या म्हणून अडीच टक्क्यांत आणल्या, बाल्टिमोरला उतरल्यावर सीट काढल्या. कस्टम्सनं पकडलं, खटला वर्षानुवर्षं चालला, आणि २०२४ मध्ये ३६.५ कोटी डॉलरवर मिटला. आमच्या धंद्यात ही गोष्ट नव्या पोराला पहिल्या आठवड्यात सांगतात.

‘गुगल टॅक्स’ गेला, त्याचा याच्याशी संबंध आहे?

तारखाच बोलतात. भारतानं २०१६ पासून परदेशी कंपन्यांच्या ऑनलाइन जाहिरातींवर ६ टक्के लेव्ही लावली होती. गुगल, मेटा यांना ती खुपत होती. ती रद्द झाली १ एप्रिल २०२५ पासून. दुसऱ्या दिवशी ट्रम्प यांनी तक्ता उभा केला. कॅनडाचंही तेच, जूनच्या अखेरीस ट्रम्प यांनी बोलणी तोडली आणि दोन दिवसांत कॅनडानं डिजिटल कर मागे घेतला. आपण आधीच दिलं आणि तरी पन्नास खाल्ले. बाजारात भाव सांगायच्या आधीच पाकीट उघडून दाखवावं, तसं झालं.

विदर्भातल्या कापसाचा यात काय संबंध?

सरळ संबंध आहे. १९ ऑगस्ट २०२५ ला केंद्र सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क सप्टेंबरअखेरपर्यंत उठवलं, आणि दहा दिवसांच्या आत ती मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. अमेरिकेच्या पन्नास टक्क्यांनी बेजार झालेल्या कापड गिरण्यांना स्वस्त रुई मिळावी आणि अमेरिकेलाही काही दिल्यासारखं दिसावं, हा त्यातला हिशेब मला दिसतो. पण डिसेंबरपर्यंत म्हणजे कधीपर्यंत? यवतमाळ, अकोल्यात दसऱ्याच्या आगेमागे कापूस वेचायला येतो. त्या वर्षीचा हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० रुपये होता. ऐन वेचणीत बाहेरचा कापूस बिनशुल्क आला की व्यापारी त्या भावाकडे कशाला बघेल?

आणि बाहेरचा म्हणजे कुणाचा? अमेरिकन शेतकऱ्याला कापसावर इतकं अनुदान मिळायचं की ब्राझीलनं २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि जिंकली. अमेरिकेनं अनुदान सरळ बंद करण्याऐवजी ब्राझीललाच वर्षानुवर्षं पैसे दिले, आणि २०१४ मध्ये शेवटचे ३० कोटी डॉलर देऊन वाद मिटवला. यवतमाळच्या शेतकऱ्यासाठी असा खटला कुणी लढवला नाही.

मग तिथला शेतकरी ट्रम्प यांना मत का देतो?

सोयाबीनचं उदाहरण घ्या, मराठवाड्याला लगेच कळेल. अमेरिकेतून बाहेर जाणाऱ्या सोयाबीनचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक चीन. २०१८ च्या भांडणात त्यानं खरेदी कमी केली. सरकारनं शेतकऱ्यांना २८ अब्ज डॉलरची भरपाई जाहीर केली. २०२५ मध्ये चीननं मेपासून शरद ऋतूपर्यंत नवा माल जवळजवळ घेतलाच नाही, ब्राझील-अर्जेंटिनाकडून घेतला. डिसेंबरमध्ये पुन्हा १२ अब्जांची मदत. आधी हात मोडायचा, मग पट्टी आपल्या हातानं बांधायची आणि फोटो काढायचा.

तरी मत देतात, आणि त्यांना मूर्ख म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. २००० साली अमेरिकेत कारखान्यांत १ कोटी ७० लाखांच्या वर माणसं होती. २०१० मध्ये १ कोटी १५ लाखांच्या आसपास उरली. ओहायोतल्या गावांतून गाडीनं जाताना बंद कारखान्यांच्या रांगा दिसतात. माझे वडील लालबागचे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, मग त्यांच्या जागी मॉल आले, आणि तुमचं काय झालं हे विचारायला कुणी आलं नाही, हे ते शेवटपर्यंत सांगत. जो माणूस येऊन म्हणेल की तुमच्यावर अन्याय झाला, त्याच्या बाकीच्या गोष्टींकडे लोक काणाडोळा करतात. ट्रम्प यांचं निदान अर्धं बरोबर आहे. औषध भोंदूबाबाचं आहे.

मुलाला एच-१बी वर पाठवायचं आहे. १ लाख डॉलरच्या फीचं काय?

सप्टेंबर २०२५ चा आदेश आहे आणि तो नव्या अर्जांसाठी आहे. फी कंपनीनं भरायची आहे, मुलानं नाही. ‘आम्ही भरतो, तू नंतर पगारातून दे’ म्हणणारा कन्सल्टंट भेटला तर फोन ठेवा.

आपण अमेरिकन मालावर बहिष्कार टाकावा का?

कोक पिऊ नका, दातांसाठी बरंच आहे. पण बहिष्काराचा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवरच फिरणार असेल तर राहू दे.

दिवाळीचा फराळ पाठवता येतो का?

सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच. येतो, पण पूर्वीसारखा नाही. आधी ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल बिनशुल्क यायचं. ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली. नियमच स्पष्ट नव्हते म्हणून विमान कंपन्यांनी टपाल उचलायला नकार दिला, आणि भारतीय टपाल खात्यानं अमेरिकेची पार्सलं २५ ऑगस्टपासून थांबवली, ती १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू केली. दिवाळी तोंडावर होती. आता शुल्क भारतातच आधी भरून घेतात. १०० डॉलरच्या आतली खरीखुरी भेट असेल तर ती तशी लिहा, आणि किंमत खरी लिहा. डब्यात नुसतं ‘फूड’ लिहू नका. चकली, चिवडा, लाडू, प्रत्येक पदार्थ वेगळा, वजनासकट.

आमच्या मावशीनं एका कुरियरवाल्याकडे फॉर्म भरताना ‘घरगुती’ एवढंच लिहिलं. डबा तीन आठवडे कुठेतरी पडून होता आणि पोचला तेव्हा लाडवांचा रवा झाला होता. या वर्षी आईनं आधीच फोन करून विचारलंय, कडबोळ्यांना चकलीपेक्षा वेगळा कोड लागतो का. नाही लागत.